डोंगर, दर्या आणि दप्तर: ‘मारिया देल कार्मेन’ या नावाची गोष्ट

स्पेनमधल्या जुन्या हजेरीपटावर, दवाखान्याच्या केसपेपरवर, दाराच्या पाटीवर किंवा दफनभूमीतल्या शिळेवर एक खूण वारंवार दिसते. मोठा ‘एम’, पुढे टिंब आणि त्याच्या खांद्याशी टांगलेला बारीक ‘ए’. ही खूण म्हणजे ‘मारिया’. हे नाव दिवसातून इतक्यांदा लिहावं लागतं की ते पूर्ण लिहिण्याचे कष्ट तिथल्या कारकुनांनी केव्हाच सोडून दिले. बाई नेमकी कोणती, हे कळतं ते पुढच्या शब्दांवरून: देल पिलार, दे लोस दोलोरेस, दे ला कोन्सेप्सियोन, देल रोसारियो. आणि या सगळ्यांना मागे टाकणारं एक नाव, देल कार्मेन.

स्पेनची राष्ट्रीय सांख्यिकी संस्था दरवर्षी देशातल्या नावांची मोजदाद जाहीर करते. मोजताना ती मधलं ‘देल’ गाळते, त्यामुळे ‘मारिया देल कार्मेन’ आणि ‘मारिया कार्मेन’ यांची बेरीज एकाच ओळीत येते. वर्षानुवर्षं बायकांच्या नावांच्या यादीत ही ओळ पहिली आहे. गेल्या दशकात हा आकडा सहा लाखांच्या वर होता, म्हणजे देशातल्या साधारण दर चाळीस स्त्रियांमागे एक. नुसतं ‘कार्मेन’ लावणाऱ्या तीन लाखांहून अधिक आहेत, त्या निराळ्याच. याच यादीत आणखी एक रकाना आहे, सरासरी वयाचा. मारिया कार्मेनचं सरासरी वय साठीच्या घरात आहे. नाव पहिल्या क्रमांकावर आहे, पण ते लावणाऱ्या बायका आजीच्या वयाच्या आहेत. हे नाव इतकं वर कसं गेलं आणि मग पाळण्यापाशी येणं त्याने का थांबवलं, हा स्पेनच्या इतिहासाचाच एक तुकडा आहे.

त्याची सुरुवात स्पेनमध्ये होत नाही. ती होते भूमध्य समुद्राच्या पूर्व काठावर, आजच्या इस्रायलमधल्या हैफा शहराला लागून असलेल्या कार्मेल डोंगरावर. हिब्रूत ‘कार्मेल’चा अर्थ मळा, फळबाग. जुन्या करारातला एलिया संदेष्टा याच डोंगरावर बआलच्या पुजाऱ्यांना आव्हान देतो. मग दीर्घ अवर्षणानंतर त्याचा सेवक समुद्राकडे बघत असताना हाताच्या पंजाएवढा एक ढग वर येताना दिसतो आणि पाऊस कोसळतो. समुद्रातून उगवलेला हा ढग म्हणजे मरियामातेचीच खूण, असा अर्थ पुढे ख्रिस्ती भाविकांनी लावला. डोंगर, समुद्र आणि मरिया यांची सांगड बसली ती इथे.

क्रुसेडच्या धामधुमीत, १२०० च्या सुमारास, युरोपातून आलेले काही संन्यासी या डोंगरातल्या गुहांमध्ये एकांतात राहू लागले. जेरुसलेमचे धर्मप्रमुख आल्बर्ट यांनी त्यांना एक नियमावली घालून दिली. डोंगरावर त्यांनी बांधलेलं छोटं प्रार्थनाघर मरियेच्या नावाचं होतं. मुस्लिम फौजांपुढे क्रुसेडरांचं राज्य आकसत गेलं, तसे हे संन्यासी १२३८ पासून टप्प्याटप्प्याने युरोपात परतू लागले. १२९१ मध्ये क्रुसेडरांचं अक्का शहर पडलं आणि डोंगरावरचं उरलंसुरलं ठाणंही संपलं. युरोपात त्यांना ‘कार्मेलवासी’ हीच ओळख चिकटली. डोंगर सुटला, नाव राहिलं.

युरोपात पाय रोवणं मात्र सोपं नव्हतं. फ्रान्सिस्कन आणि डोमिनिकन हे संघ आधीच लोकप्रिय झाले होते, आणि या नव्या, पट्ट्यापट्ट्यांचे झगे घालणाऱ्या मंडळींची काय गरज, असं विचारणारे पुष्कळ होते. परंपरा सांगते की १६ जुलै १२५१ रोजी या संघाचे इंग्रज प्रमुख सायमन स्टॉक यांना मरियामातेने दर्शन दिलं आणि एक ‘स्कापुलर’ हाती ठेवला. स्कापुलर म्हणजे खांद्यावरून पुढे-मागे सोडलेला बिनबाह्यांचा पट्टा. मठातली मंडळी काम करताना अंगरखा मळू नये म्हणून तो घालत. हा धारण करून जो मरेल त्याला नरकाग्नी भोगावा लागणार नाही, असं आश्वासन त्यासोबत होतं. या दर्शनाचे लेखी उल्लेख बऱ्याच उशिरा, चौदाव्या शतकाच्या अखेरीकडे सापडतात. त्यामुळे इतिहासकार त्याबद्दल सावध असतात. भाविकांचं त्यावाचून काही अडलं नाही. पट्ट्याचा आकार कमी होत होत तपकिरी लोकरीचे दोन चौकोनी तुकडे आणि त्यांना जोडणाऱ्या दोऱ्या एवढाच उरला. एक तुकडा छातीवर, एक पाठीवर. शेतकरी, सैनिक, कोळी, राणी, कोणीही तो सदऱ्याखाली घालू शकत होतं. स्वस्त, हलका, आणि मरणाच्या भीतीवर थेट उतारा. कार्मेनच्या लोकप्रियतेचा पाया या दोन चिंध्यांनी घातला.

स्पेनमध्ये या संघाला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली एका बाईने. आविला गावच्या तेरेसा १५३५ मध्ये तिथल्या कार्मेलवासी मठात दाखल झाल्या. मठातला ऐसपैस कारभार त्यांना पटेना. १५६२ मध्ये त्यांनी कडक नियमांचा छोटा मठ वेगळा काढला आणि मग बैलगाडी आणि खेचरांवरून प्रवास करत देशभर मठ उभारत सुटल्या. कवी-संत ‘क्रूसाचे योहान’ त्यांच्या सोबतीला होते. या ‘अनवाणी’ कार्मेलवासीयांचा पुढे १५९३ मध्ये स्वतंत्र संघ झाला. १६२२ मध्ये तेरेसांना संतपद मिळालं. आता कार्मेल म्हणजे कुठलातरी दूरचा डोंगर राहिला नाही, ते घरचं नाव झालं. पोपने १६७४ मध्ये स्पॅनिश साम्राज्यासाठी १६ जुलैच्या सणाला मान्यता दिली. सगळ्या कॅथॉलिक जगासाठी ती मिळायला १७२६ उजाडलं. या सणाच्या बाबतीत स्पेन अर्धशतक पुढे होता.

एवढं होऊनही मुलींची नावं ‘मारिया देल कार्मेन’ ठेवण्याची लाट लगेच आली नाही. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश गावांची बाप्तिस्म्याची दप्तरं चाळली तर तीच मोजकी नावं दिसतात: मारिया, कातालिना, आना, इसाबेल, हुआना. नावं थोडी आणि माणसं फार. १६१४ च्या ‘रोमन रिच्युअल’ या विधिग्रंथाने धर्मगुरूंना सांगितलं की हास्यास्पद किंवा मूर्तिपूजकांच्या देवतांची नावं टाळावीत, शक्यतो संतांचीच ठेवावीत. निवडीचं वर्तुळ त्यामुळे आणखी आवळलं. एकाच गल्लीत चार मारिया झाल्यावर त्यांना वेगळं ओळखायचं कसं, याचं उत्तर मरियामातेच्या अनेक रूपांनी दिलं. सारागोसाला ती खांबावर प्रकटली म्हणून ‘देल पिलार’. सात दुःखं भोगणारी म्हणून ‘दे लोस दोलोरेस’. कैद्यांना सोडवणारी म्हणून ‘दे लास मेर्सेदेस’. जपमाळेची म्हणून ‘देल रोसारियो’. आणि कार्मेल डोंगराची म्हणून ‘देल कार्मेन’. अठराव्या शतकात ही जोडनावं धबधब्यासारखी कोसळू लागली. चित्रकार गोयाने जिची चित्रं रंगवली त्या आल्बाच्या सरदारणीचं (१७६२–१८०२) नाव बघा: मारिया देल पिलार तेरेसा कायेताना. वरच्या थरात आलेली ही रीत हळूहळू खालपर्यंत झिरपली.

मरिया आधी का, याचंही कारण साधं होतं. खांब, दुःख, जपमाळ ही काही संतांची नावं नव्हेत. बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीच्या लेखी नाव एकच, मारिया. बाकी सगळं तिचं विशेषण. घरी मात्र उलटं घडे. मारिया सगळ्यांचीच, म्हणून ती कोणीच हाकेत घेत नसे, आणि विशेषणच नाव होऊन बसे. दोलोरेसची लोला झाली, कोन्सेप्सियोनची कोंचा, रोसारियोची चारो, कोन्सुएलोची चेलो. मारिया इसाबेल आखडून मारिबेल झाली, मारिया तेरेसा माइते झाली. कार्मेनच्या वाट्याला तर लाडक्या नावांचं अख्खं गोकुळ आलं: मारी कार्मेन, मामेन, माइका, मेन्चू, कार्मेला, कार्मिना, गालिसियात कार्मिन्या.

‘कार्मेल’चं ‘कार्मेन’ होण्यात लॅटिनमधल्या ‘कार्मेन’चा, म्हणजे गीताचा, हात असावा असं मानतात. ग्रानादात तर ‘कार्मेन’ म्हणजे उंच भिंतींआड बाग असलेलं घर. तो शब्द द्राक्षवेलीच्या अरबी ‘कर्म’वरून आला. मळा, गीत आणि बाग, तिन्ही अर्थ कानाला गोड लागणारे. नाव आवडायला याचीही मदत झाली असणार.

डोंगरावरच्या या मातेला दर्यावर नेलं ते खलाशांनी. मध्ययुगापासून मरियेला ‘समुद्रतारा’ म्हणण्याचा प्रघात होता. हैफाच्या डोंगरावरच्या मठालाही आज ‘स्तेल्ला मारिस’ म्हणजे समुद्रतारा हेच नाव आहे. स्पॅनिश खलाशांचा मूळ रक्षक संत तेल्मो. अठराव्या शतकात त्याची जागा कार्मेनने घेतली. याचं श्रेय मायोर्काचे दर्यावर्दी सरदार आंतोनियो बार्सेलो यांना दिलं जातं. उत्तर आफ्रिकेच्या चाच्यांशी झुंजण्यात त्यांनी हयात घालवली, आणि कार्मेनची भक्ती त्यांनी आरमारात रुजवली. समुद्रावर मरण कधी येईल याचा नेम नसतो आणि पाद्री हाकेच्या अंतरावर नसतो. अशा वेळी गळ्यातला कापडाचा तुकडा हाच आधार. मिठाच्या पाण्यात लोकर कुजते, ही अडचणही पुढे सुटली. दहाव्या पायस पोपने १९१० मध्ये कापडाऐवजी धातूचं पदक चालेल अशी सवलत दिली.

आरमाराने कार्मेनला अधिकृत मान दिला तो पडत्या काळात. १८९८ च्या युद्धात अमेरिकेने स्पेनची दोन आरमारं बुडवली. मे महिन्यात फिलिपिन्समधल्या काविते इथे एक, जुलैत क्युबातल्या सान्तियागोबाहेर दुसरं. चार शतकांचं साम्राज्य काही आठवड्यांत हातचं गेलं. त्यानंतर तीन वर्षांनी, १९ एप्रिल १९०१ रोजी, राजप्रतिनिधी राणी मारिया क्रिस्तिना यांच्या कारकिर्दीत शाही आदेश निघाला आणि कार्मेनची मरियामाता स्पॅनिश आरमाराची रक्षक ठरली. त्या वेळचे नौदलमंत्री होते वेराग्वाचे ड्यूक, नाव क्रिस्तोबाल कोलोन; होय, कोलंबसाचेच वंशज. पूर्वजाने मिळवून दिलेलं साम्राज्य गेल्यावर वंशजाच्या काळात आरमाराला माता मिळाली. आरमारात आजही जी ‘साल्वे मारिनेरा’ ही प्रार्थना म्हणतात, तिची चाल मात्र कुठल्या मठातून आलेली नाही. ती आली १८७० च्या एका संगीत नाटकातून, क्रिस्तोबाल ऊद्रिद यांच्या ‘एल मोलिनेरो दे सुबिसा’मधून.

१६ जुलैची संध्याकाळ स्पेनच्या किनाऱ्यावर पाहण्यासारखी असते. मालागाच्या एल पालो वस्तीपासून उत्तरेकडच्या बास्क प्रांतातल्या सान्तुर्त्सीपर्यंत कोळी आणि खलाशी मूर्ती खांद्यावर घेतात. तपकिरी झगा, वर पांढरं वस्त्र, एका हातावर बाळ येशू आणि दुसऱ्या हातातून लोंबणारा छोटा स्कापुलर. काही ठिकाणी वाहणारे कमरेएवढ्या पाण्यात शिरतात. मग मूर्ती फुलांनी आणि पताकांनी सजवलेल्या होडीवर चढते, मागे गावातल्या बाकीच्या होड्या भोंगे वाजवत निघतात, आणि जे समुद्रावरून परतले नाहीत त्यांच्यासाठी पाण्यावर फुलं सोडली जातात. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक कार्मेनचा ‘संतदिन’ही असतो. स्पेनमध्ये एके काळी वाढदिवसापेक्षा या नामदिनाचं कौतुक जास्त असे. ज्या घरात आजी, आई आणि मुलगी तिघी कार्मेन, तिथे एकाच केकवर काम भागे.

अटलांटिकपलीकडे या नावाने वेगळंच राजकारण केलं. १६ जुलै १७१७ रोजी स्पॅनिश तुकडीने मेक्सिकोच्या आखातातल्या एका बेटावरून इंग्रज चाच्यांना हुसकावलं, आणि बेटाचं नाव कार्मेन पडलं. तिथलं शहर आज सिउदाद देल कार्मेन. पण शतक उलटतं न उलटतं तोच तीच माता स्पेनविरुद्ध उभी राहिली. १६ जुलै १८०९ रोजी आजच्या बोलिव्हियातल्या ला पास शहरात कार्मेनची मिरवणूक चालू असतानाच पेद्रो दोमिंगो मुरियो आणि त्यांच्या साथीदारांनी बंड पुकारलं. जानेवारी १८१७ मध्ये आजच्या अर्जेंटिनातल्या मेन्दोसा इथे स्वातंत्र्यवाद्यांचे सेनापती सान मार्तिन यांनी अँडीज ओलांडायला निघालेल्या फौजेची रक्षक म्हणून कार्मेनच्या मूर्तीच्या हाती आपला सेनापतीचा दंड दिला. पुढच्या वर्षी चिलीच्या राजधानीत लोकांनी नवस बोलला की जिंकलो तर हिचं मंदिर बांधू. ५ एप्रिल १८१८ ला माइपूची लढाई झाली, राजनिष्ठ फौज मोडली, चिलीचं स्वातंत्र्य पक्कं झालं. नवसाचं मंदिर त्याच वर्षी सुरू झालं, मात्र पुरं व्हायला १८९२ उजाडलं.

दक्षिण अमेरिकेत हे नाव पुरुषांनीही बिनदिक्कत लावलं. चिलीचे नोबेलविजेते कवी पाब्लो नेरुदा यांचे वडील तेमुको गावात रेल्वेत नोकरीला होते. त्यांचं नाव होसे देल कार्मेन रेयेस. आपल्याकडे हे ऐकून भुवया उंचावतील, पण स्पॅनिश जोडनावांत असं मिश्रण नेहमीचं. होसे मारिया हा पुरुष, मारिया होसे ही बाई. पहिला शब्द ठरवतो. स्पेनचे एक पंतप्रधान होसे मारिया आस्नार, आणि राजे हुआन कार्लोस यांच्या पूर्ण नावाच्या शेवटीही मारिया आहेच.

या साऱ्या काळात इकडे स्पेनमध्ये मठांची मात्र दैना झाली होती. १८३५–३६ मध्ये मेन्दिसाबाल यांच्या उदारमतवादी सरकारने कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी मठ बंद करून त्यांच्या जमिनी लिलावात काढल्या. कार्मेलवासीही त्यात भरडले गेले. माद्रिदच्या ऐन मध्यवस्तीत, पुएर्ता देल सोल चौकातून निघणाऱ्या ‘कार्मेन’ रस्त्याला ज्याचं नाव मिळालं तो मठ उठला, चर्च आणि रस्ता उरले. कार्मेनला आता मठांची गरजही नव्हती. गावोगावच्या भक्तमंडळांनी, कोळीवस्त्यांनी आणि आयांनी तिला सांभाळलं होतं.

नेमक्या याच सुमाराला एका परक्या लेखकाने या नावाला जगभर भलतीच प्रसिद्धी दिली. फ्रेंच कथाकार प्रॉस्पेर मेरिमे यांना मोन्तिहोच्या सरदारणीने स्पेनमधली एक खुनाची हकिकत सांगितली होती. तिच्यावरून त्यांनी १८४५ मध्ये ‘कार्मेन’ ही दीर्घकथा लिहिली. सेव्हिलच्या तंबाखू कारखान्यात काम करणारी, कोणाच्याही ताब्यात न राहणारी जिप्सी बाई. ३ मार्च १८७५ ला जॉर्ज बिझे यांचा ऑपेरा पॅरिसमध्ये रंगमंचावर आला. त्याचं स्वागत थंड झालं. तीनच महिन्यांनी बिझे वारले आणि त्यानंतर ऑपेरा जगभर गाजला. तेव्हापासून परदेशात कार्मेन म्हणजे लाल फूल, पंखा आणि सुरा. स्पेनमध्ये मात्र तीच कार्मेन म्हणजे नामदिनी केक कापणारी मावशी. पोर्तुगालमध्ये १९०९ साली जन्मलेल्या आणि ब्राझीलमध्ये वाढलेल्या मारिया दो कार्मो मिरांदा हिला घरचे ऑपेराच्या आवडीपायी कार्मेन म्हणू लागले असं सांगतात, आणि कार्मेन मिरांदा म्हणून ती हॉलिवूडला पोचली. आई-वडिलांनी ठेवलेलं नाव मरियामातेचं, गाजलेलं नाव बिझेच्या नायिकेचं.

पोर्तुगीज ‘दो कार्मो’चा धागा आपल्याकडेही येतो. अनवाणी कार्मेलवासी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात गोव्यात मठ स्थापून होते. १७२० मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी पोर्तुगीज पाद्रींना हटवून बेटावरची चर्चं कार्मेलवासीयांच्या हवाली केली; मुंबईच्या कॅथॉलिक इतिहासात हा मोठा वादाचा विषय ठरला. वांद्र्याचं माउंट कार्मेल चर्च आणि गोव्यात नुवें इथलं मुलींचं कार्मेल कॉलेज ही त्याच डोंगराची नावं. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत ‘मारिया दो कार्मो’ सापडते, तीही याच वाटेने आलेली.

आता वळू या विसाव्या शतकाकडे, कारण नावाची खरी लाट त्यातच आली. १९३६ ते १९३९ या यादवी युद्धात कार्मेन दोन्ही बाजूंना होती. प्रजासत्ताकवाद्यांच्या ओठी ‘आय कार्मेला’ हे गाणं होतं, आणि बंडखोर सेनापती फ्रँको यांच्या घरी पत्नी मारिया देल कार्मेन पोलो आणि १९२६ मध्ये जन्मलेली एकुलती मुलगी मारिया देल कार्मेन. पुढे नातही त्याच नावाची. फ्रँको यांचा विजय झाला आणि चर्च सरकारच्या शेजारी येऊन बसलं. युद्ध चालू असतानाच, मे १९३८ मध्ये, जन्मनोंदणीच्या नावांबाबत आदेश निघाला होता. बास्क, कातालान नावांना मनाई झाली, आणि कॅथॉलिकांसाठी पंचांगातल्या संतांच्या नावांची चौकट आखली गेली. १९५७ च्या नागरी नोंदणी कायद्याने आणखी एक मर्यादा घातली: साधी नावं असतील तर दोन, जोडनाव असेल तर एकच.

या चौकटीत ‘मारिया देल कार्मेन’ चपखल बसलं. पाद्रीला मान्य, कारकुनाला मान्य, स्पॅनिश भाषेतलं, आणि बहुतेक घरांत आधीच कोणी ना कोणी कार्मेन असल्यामुळे आजीचं किंवा मावशीचं नाव पुढे चालवल्याचं समाधानही. फ्रँको यांच्या पत्नीमुळे नाव पसरलं असं म्हणणं धाडसाचं ठरेल. ती स्वतः १९०० साली जन्मलेली, म्हणजे आधीच्या लाटेचंच अपत्य. सरकारने नाव निर्माण केलं नाही. त्याने बाकीची दारं लावून घेतली, आणि उघड्या राहिलेल्या दारातून सगळ्यात मोठी रांग कार्मेनची निघाली. १९४० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत जन्मलेल्या स्पॅनिश स्त्रियांमध्ये हे नाव पहिलं आहे. १९६४ मध्ये स्पेनमध्ये सुमारे सात लाख मुलं जन्मली, देशाच्या इतिहासातलं हे शिखर. त्या भरगच्च वर्षांतल्या वर्गावर्गात मारी कार्मेन असे, आणि एकीपेक्षा जास्त असल्या की आडनावावरून ओळखायची वेळ येई.

एकाच नावाच्या बायका मात्र एकसारख्या नव्हत्या. कार्मेन लाफोरेत यांनी विशीत लिहिलेल्या ‘नादा’ या कादंबरीला नव्याने सुरू झालेला नादाल पुरस्कार मिळाला आणि युद्धानंतरच्या बार्सिलोनातली कोंडलेली घुसमट कागदावर आली. कार्मेन मार्तिन गाइते यांना तोच पुरस्कार १९५७ चा मिळाला. त्यांच्या ‘एन्त्रे विसियोस’मध्ये खिडकीच्या पडद्याआडून रस्ता बघणाऱ्या लग्नाळू मुली आहेत. कार्तागेना या आरमारी बंदरात जन्मलेल्या कवयित्री कार्मेन कोन्दे १९७८ मध्ये स्पॅनिश भाषेच्या राजअकादमीवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. पडद्यावरची कार्मेन सेव्हिया ही मुळात मारिया देल कार्मेन गार्सिया गालिस्तेओ. आणि कार्लोस साउरा यांच्या १९९० च्या ‘आय कार्मेला’ चित्रपटात कार्मेलाचं काम केलं कार्मेन माउरा यांनी.

१९७५ मध्ये फ्रँको वारले. जानेवारी १९७७ मध्ये कायदा बदलला आणि स्पेनमधल्या कोणत्याही भाषेत नाव ठेवायची मुभा मिळाली. कातालोनियात ‘कार्मे’, बास्क प्रांतात ‘कार्मेले’ अशी रूपं उघडपणे दप्तरात आली. १९७१ साली बार्सिलोनाजवळ जन्मलेल्या कार्मे चाकोन २००८ मध्ये स्पेनच्या पहिल्या महिला संरक्षणमंत्री झाल्या. गरोदर असताना त्यांनी केलेल्या सैन्यपाहणीचं छायाचित्र तेव्हा जगभर छापून आलं. ज्या आरमाराची रक्षक कार्मेन, ते आरमार एका कार्मेच्या हाताखाली आलं.

दारं उघडल्यावर घरोघरी निवड बदलली. जन्मदर घसरला, एकुलत्या मुलीवर आजीचं नाव लादण्याची सक्ती सैलावली, चर्चमध्ये जाणारे कमी झाले. लौरा, क्रिस्तिना, मार्ता अशी आटोपशीर नावं पुढे सरकली. एकविसाव्या शतकात लुसियाने अनेक वर्षं पहिला क्रमांक राखला. मारियाला पिलार, दोलोरेस जोडलेली लांबलचक नावं नव्या पिढीतून जवळजवळ गेली. दोलोरेस म्हणजे दुःखं; आज मुलीचं नाव तसं ठेवायला फारसं कोणी धजत नाही, लोला मात्र आनंदाने ठेवतात. एके काळी जे लाडाचं होतं ते आता कायद्याचं झालं.

कार्मेनचं तसं झालं नाही, हे विशेष. ‘मारिया देल’ गळून पडलं आणि नुसतं कार्मेन टिकलं. दरवर्षीच्या नवजात मुलींच्या लोकप्रिय नावांत ते अजूनही ठळकपणे दिसतं. पाद्रीने जे विशेषण म्हणून लिहिलं होतं, ते स्वतंत्र नाव म्हणून उभं आहे. स्पेनच्या २०११ च्या नव्या नोंदणी कायद्यातही दोन साधी किंवा एक जोडनाव ही मर्यादा कायम आहे, म्हणजे ‘मारिया देल कार्मेन’ लिहायला आजही कोणाची आडकाठी नाही. पूर्वी अनेक नावांना बंदी होती तेव्हा ते लाखो घरांत गेलं; आता तशी बंदी नाही, आणि तरुण आईबाप त्यातला शेवटचा शब्द तेवढा उचलतात.